nqljh म्हणजे दुसरी

अण्णा, तुम्ही गेल्यावर कोर्टासमोरच्या तुमच्या डीटीपीच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तुम्ही साप्ताहिकात लिहायचात ते लेख त्यांनी वेबसाइटवर टाकलेत, पण उघडले की vkeP;k nqdkukr असलं काहीतरी दिसतं. कॉम्प्युटर अक्षर ठेवत नाही, आकडा ठेवतो. तुमच्या फाँटने इंग्रजी अक्षरांच्या आकड्यांनाच मराठीचं सोंग चढवलं होतं. फाँट नसला की सोंग उतरतं. हे मला फार उशिरा कळलं. स्वतःच्या लेकीला तुम्ही शिकवलं नाहीत.

शिकवलंत नेकनूरहून बसने येणाऱ्या त्या पोरीला. माझ्याच वयाची होती. मी डबा घेऊन येते तर ती कीबोर्डवर टाइप करतेय आणि तुम्ही तिच्या खुर्चीमागे उभे, "बघू नको, बोटाला ठावं हाय." एकदा मी खुर्ची ओढली, तर म्हणालात, "तू कावून हितं बसलीस? घरी जा, अभ्यास कर." आणि मी आणलेली भाकरी आधी तिला मोडून दिलीत. माझा अजून जळफळाट होतो.

मागच्या महिन्यात ती बीडच्या बसस्टँडवर भेटली. तिची फजिती बघायला मी मोबाइलवर वेबसाइटवरच्या तुमच्या एका लेखाचं ते पान दाखवलं. "ह्ये तर आपल्या अण्णांचं हाय, ताई," म्हणाली आणि फाँटबिंट नसताना घडाघडा वाचू लागली; कुठल्या इंग्रजी कळीवर कुठलं मराठी अक्षर, ते तिच्या बोटांना पाठ होतं. "आमच्या दुकानात दोन पोरी असतात. एकीची बोटं हुशार. दुसरी..." मी मोबाइल हिसकावला. तिचं बोट होतं तिथे nqljh लिहिलेलं होतं. ती माझ्याकडे बघून हसली.

तिची गरजच नको म्हणून मी साप्ताहिकाला फोन करून ते पान मराठीत करायला लावलं. त्यांनी केलं, पण त्यांच्या वेबसाइटच्या जुन्या डेटाबेसमध्ये खऱ्या मराठी अक्षरांना जागाच नव्हती, तेव्हा प्रत्येक अक्षराचं एक प्रश्नचिन्ह झालं. पहिला गोंधळ वाचता तरी येत होता. या ???? मधून काहीच परत येत नाही, आणि मूळ पान किंवा छापील अंक त्यांनी ठेवलेला नाही.

म्हणजे 'दुसरी'च्या पुढे तुम्ही काय लिहिलं होतं, ते आता फक्त तिला ठाऊक आहे. हसली तेव्हा तिचं ते मनात वाचून झालं होतं. माझ्याबद्दल जे बोललात, तेही तिच्यापाशीच राहिलं.

खरं सांगते, मी तिलाच लिहायला बसले होते. पुढे काय होतं, एवढंच विचारायचं होतं. पण वर 'अण्णा' लिहिलं गेलं.