फाटकवाल्याचा हात

लोणावळे, २ नोव्हेंबर १९३७
मुख्याध्यापक त्र्यंबकराव आज चिडलेच! "अनसूयाबाई, शिक्षिकांना मानसशास्त्र शिकवायचं तर विलायती पुस्तकातलं शिकवा. चित्त, संस्कार, साक्षीभाव — हे कीर्तनात ठीक. गुण येतो का कुणाला?" तसं दाखवून द्या, नाहीतर वर्ग बंद, म्हणाले.
येतो. दाखवीनच.

४ नोव्हेंबर
माणूस सापडला! रखमाजी, कुसगावाजवळच्या रेल्वे फाटकावरचा. महिन्यापूर्वी तिथे कोंडाजीची बैलगाडी आगगाडीखाली आली. बैल मेले, कोंडाजीचा पाय गेला. तेव्हापासून रखमाजीचा उजवा हात लुळा. डॉक्टर म्हणतात, हाताला काही झालेलं नाही, सोंग करतोय. त्याची बायको झुंबरबाई रडते — "अंगारा झाला, देवरुषी झाला. रजा सरत आली, बाई."
सोंग नाही. डोळ्यांत भीती आहे.

९ नोव्हेंबर
रोज शाळा सुटली की रखमाजीकडे जाते. आधी श्वासाकडे बघायचं. मग त्या दिवसाकडे साक्षीभावाने — लांबून, दुसऱ्याचं बघावं तसं.
"काय दिसतं?"
"धूर."
पुढे काही नाही.

१३ नोव्हेंबर
आजही धूरच.

१७ नोव्हेंबर
"फाटक दिसतंय," म्हणाला आणि घामाने भिजला. "कसं दिसतंय?" तोंड फिरवलं त्याने. पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्याच्या मनात घाईने शिरू नये, असं वर्गात मीच सांगते. पण जीभ आवरून बसावं लागलं!

२० नोव्हेंबर
बराच वेळ डोळे मिटून बसला होता. मग एकदम — "उघडंच व्हतं, बाई! ह्याच हातानं लावायचं, तर माजा डोळा लागलता. सायबाला म्या खोटं सांगितलं, कोंडाजीनं फाटक तोडून गाडी घातली म्हून."
ओक्साबोक्शी रडला. रडताना हाताने तोंड झाकलं — उजव्या! त्याच्या ध्यानात यायच्या आधी ते मला दिसलं.
"सायबाला खरं सांगतो आता."
"आणि नोकरी?"
"कोंडाजीचा पाय बी गेला, वर दोष बी त्याच्याच माथी. मला न्हाई राहवत."
अडवलं नाही. अडवावंसं वाटलं होतं.

२४ नोव्हेंबर
त्र्यंबकराव स्वतः जाऊन रखमाजीचा हात बघून आले. वर्ग चालू राहणार! "सगळं नीट लिहून काढा," म्हणाले.

२७ नोव्हेंबर
रखमाजीला कामावरून काढलं. झुंबरबाई दारात येऊन उभी राहिली. "हात दिला तुमी, बाई. भाकर नेली." आत ये म्हटलं, आली नाही.
उद्या वर्गात हेही शिकवीन.