मनूचं 'खाली'

देवास, रविवार, १५ फेब्रुवारी १९९८

आई उद्या सांगलीला परत जाणार, म्हणून आज सगळे क्षिप्रेकाठच्या बगीच्यात गेलो. मनू घसरगुंडीवर चढून तशीच बसून राहिली. आई म्हणाली, "खाली ये गं." तर मनू म्हणते, "खाली किधर है आजी, भिया बैठा है ना."

पायथ्याशी खरंच एक मुलगा बसला होता. हिंदी शाळेतल्या माझ्या नि सुधाच्या लेकीला 'खाली' म्हणजे रिकामं. आम्ही दोघं हसलो. आई हसली नाही. वाईट वाटलं असेल का तिला?

घरी येऊन बॅग भरताना ती मनूला म्हणाली, "उद्यापासून माझी खोली खाली हं." 'रिकामी' नाही म्हणाली.

मनूला बरोबर समजलं. ती बॅगेवर जाऊन बसली.