एक मशीन चालूच

सोमवार
रुजू झाले! कपड्यांच्या कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी. परदेशी गिऱ्हाइकाने अट घातली म्हणून तुम्हाला घेतलंय, असं मॅनेजरने चहा पाजता पाजता सांगूनही टाकलं. बरं झालं, आडपडदा नाही. शिवणकामाच्या हॉलमध्ये पंखे नुसती धूळ फिरवतात, बसायला बिनपाठीची स्टुलं आणि मागच्या जिन्याच्या दाराला हे भलंमोठं कुलूप! आग लागली तर इतक्या बायका एका दारातून निघणार कशा? आधी ते कुलूप.

मंगळवार
कुलूप निघालं. मॅनेजर नाक मुरडतो, पण सही करतो. एक गंमत पाहिली. जेवायला सगळ्या एकदम उठतच नाहीत. एकजण मशीन चालवत बसते, कधी तर कापडाशिवाय. दाराजवळ बसणाऱ्या मावशी म्हणाल्या, आमचं असंच असतं मॅडम, तुम्ही यात पडू नका. मला रागच आला. दोन घास तरी निवांत खावेत की नाही!

गुरुवार
जेवणाच्या सुट्टीत मेन स्विचच बंद केला. कुणीही डबा उघडला नाही. सगळं शांत झालं आणि मागच्या दारावर थापा पडल्या. जिन्याच्या बाजूने. आधी एक हात, मग कितीतरी. दाराला फक्त कडी होती. मी उघडलं. जिना रिकामा. मावशींनी धावत जाऊन स्विच लावला.

शुक्रवार
मावशींनी सांगितलं. काही वर्षांपूर्वी इथे आग लागली तेव्हा मुली त्या जिन्यात पळाल्या. खालच्या दाराला कुलूप. वरचं आपटलं, कडी पडली, तीही हॉलच्या बाजूने. थापा सगळ्यांनी ऐकल्या. धुरातून मागे कुणी फिरलं नाही. मावशींची धाकटी बहीण, छकुली, त्यात होती. ऐकू येऊ नये म्हणून मशीन.
मला भीती वाटते. पण खालचं कुलूप अजून तसंच आहे. ते काढायलाच हवं.

शनिवार
दुपारी जिना उतरले. कुलूप गंजलेलं, किल्ली फिरेना. वर आले तर — दार बंद. वारा नव्हता.
फोन टेबलावर. हातात ही वही तेवढी.

थापा मारतेय. हात सोलवटले. जेवणाची वेळ, आत एकच मशीन चालू. ऐकू जात असणारच. मी आहे, मी, म्हणून ओरडले —

मावशींचा आवाज. दाराला अगदी लागून. रडत म्हणाल्या, नीज गं छकुले, नीज आता.

दुसरं मशीन सुरू झालं. तिसरं. आता सगळी —

पायरीवर माझ्या शेजारी कुणीतरी सरकून मला जागा