कुंपणामागची जोडी

प्रिय मारिसेल,

पाकीट बघून घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही. फोन शेजारच्या एलेउतेरियोच्या घरूनच लागतो आणि तो मेला कान लावून बसतो. शिवाय फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई. अक्षर शेळीच्या लेंड्यांसारखं विखुरलंय, सावकाश वाच.

पाच वर्षांनी पाऊस पडला. जूनमध्ये दोनच दिवस, पण आता सप्टेंबरात या वाळवंटाचा अख्खा उतार फुलांनी जांभळा झालाय. शहरातले लोक गाड्या भरभरून येतात, फुलांत लोळून फोटो काढतात आणि माझ्या शेळ्या दिसल्या की नाकं धरतात. येऊ देत. त्यांना जे दिसत नाही ते तुला सांगायचंय.

मंगळवारी दूध काढून कुंपणामागे गेले, तर जमीन हलत होती. वाटलं, डोळेही गेले. खाली बसले (कशी बसले ते विचारू नकोस) आणि बघते तर सुईनं टोचल्यासारखी शेकडो भोकं, आणि एकेका भोकातून मधमाशीसारखी एकेक काळी माशी डोकं वर काढतेय. बाहेर यायची, मिशा पुसायची, पंख झटकायची आणि जणू काल रात्रीच झोपली होती अशी उडून जायची. मारिसेल, या पाच वर्षांत याच जमिनीवर माझ्या तीस शेळ्या तहानेनं गेल्या. तुझ्या आजोबांची शवपेटी याच वाटेनं नेली. मी येता-जाता देवाला शिव्या घातल्या. आणि त्या सगळ्या काळात या माश्या हातभर मातीखाली पडून होत्या, न खाता, न पिता, न हलता. आता उठा, हे त्यांना कोण सांगतं? मी देवळातसुद्धा कधी गप्प बसलेली नाही, पाद्रीबुवांना विचार. त्या दिवशी बसले. दूध नासलं तरी उठले नाही.

एलेउतेरियो आला. म्हातारे, पडलीस का, उठवू का, म्हणून ओरडायला लागला. म्हटलं, खाली बस आणि तोंड मीट. बसला बिचारा. भोकांवर वाकून म्हणाला, पन्नास वर्षं इथून जातोय, मला वाटायचं मुंग्यांची भोकं आहेत. म्हटलं, तुला बायकोसुद्धा चौथ्या पोरानंतर दिसली.

मागल्या फुलांच्या वर्षी तुझी परीक्षा होती, म्हणून तू मला माश्या गोळा करायला बरण्या आणि कोऱ्या चिठ्ठ्या देऊन गेलीस. बजावलंस, "आजी, माशीचा पाय तुटला तरी चालेल. पण ती कुठं सापडली ते चिठ्ठीवर नसेल, तर ती नुसता कचरा." मी दोन बरण्या पाठवल्या. काळ्या, लांब मिशांच्या, वरच्या खिंडीतल्या. तांबूस, जाड्या, केसाळ, खालच्या ओढ्यातल्या. त्यांच्यावर तू पाच वर्षं डोळे फोडलेस. पंखांच्या शिरा मोजल्यास, पायांवरचे केस मोजलेस, जबड्यांची चित्रं काढलीस. परवा फोनवर म्हणालीस, या दोन्ही जाती आजवर जगात कुणी लिहिलेल्याच नाहीत, महिनाअखेर छापून येणार. मी विचारलं, तूच म्हणतेस काळे सगळे नर आणि तांबड्या सगळ्या माद्या, हे तुला खटकत नाही का? तू हसलीस. म्हणालीस, "आजी, मध्ये दिवसभराची चढण आहे. नवरा खिंडीत, बायको ओढ्यात, असा कुठं संसार होतो का?" आणि खिंडीतल्या माशीला माझं नाव देणार म्हणालीस. मी फोन ठेवून दिला. तुला वाटलं, म्हातारी भारावली.

गुरुवारी त्याच जमिनीतून, त्याच भोकांशेजारून, तांबड्या निघाल्या. काळे वर घिरट्या घालतच होते. दुपारपर्यंत फुलाफुलावर जोड्या बसल्या, काळा वर, तांबडी खाली. मी सात मोजल्या आणि घरात येऊन हा कागद काढला. पोरी, त्या वर्षी मी खिंडीत गेलेच नव्हते. ओढ्यापर्यंतही नाही. गुडघा तेव्हाच गेला होता, आणि तू तुझ्या सरांना सांगून बसली होतीस की माझी आजी सत्तरीत डोंगर चढते. दोन्ही बरण्या मी कुंपणामागे वीस पावलांवर भरल्या, आणि रंग बघून एकीला खिंड दिली, एकीला ओढा. म्हटलं, माशीला काय फरक पडतो. ते छापणं थांबव. सर ओरडतील, तर आजी खोटं बोलली म्हणून सांग, मी तिथं येऊन कबूल करीन. माझं नाव मात्र कुठल्याच माशीला देऊ नकोस, त्यांनी काही लबाडी केलेली नाही. एलेउतेरियोच्या ट्रकमधून एक डबी पाठवतेय. आत एकच जोडी आहे, फुलावरून उचललेली. मेल्यावरही सुटली नाही, मी सोडवली नाही, तूही सोडवू नकोस. दोघांना मिळून एकच चिठ्ठी लावलीय: शेळ्यांच्या कुंपणामागे, बावीस सप्टेंबर, पिवळं फूल. हे खरं आहे.

तुझीच आजी,
एदूविहेस