कडीचा बोल्ट

बाबा, आज सकाळी मी वेअरहाऊसच्या फाटकाबाहेर, कंटेनरच्या दारापाशी वाकून, मोबाइलच्या उजेडात बोल्ट बघत होते. तुम्ही असतात तर खूश झाला असतात. आत मी चीनहून मागवलेल्या विजेच्या किटल्या होत्या, इथल्या भंवरकुआं भागातल्या हॉस्टेलांतली मुलं ज्यांत चहापासून मॅगीपर्यंत सगळं शिजवतात त्या. ऑनलाइन विकणाऱ्या मोठ्या कंपनीने माल उतरवून घ्यायला आजची वेळ दिली होती. ती चुकली तर पुढची थेट दिवाळीनंतर, म्हणजे सगळा हंगाम हातचा गेला असता.

ड्रायव्हर जुना आहे. मुंबई सोडल्यापासून वाटेत फोन करत राहणारा हा माणूस शेवटच्या टप्प्यात, मानपुरला आल्यावर एकदम गप्प झाला. फोन बंद. गाडी आली ती उशिराच. सील शाबूत होतं, नंबर कागदाशी जुळत होता. पण सील बघून समाधान मानायचं नाही, हे तुम्ही मला फ्रॉकच्या वयातच शिकवलंत. तुम्ही रेल्वेच्या मालगोदामात बाबू, मी सुट्टीच्या दिवशी तुमचा डबा घेऊन आलेली. तुम्ही मला वॅगनच्या दारापाशी उभी करता आणि बोट दाखवता. "सील सगळेच बघतात. चोरही बघतो. कडी कशावर बसवलीय ते तू बघ." कडीचा बोल्ट काढला की दार उघडतं, सील मात्र जागच्या जागी राहतं. घरीही तुमचं तेच. दूधवाल्याचं माप, पाहुण्यांनी आणलेल्या मिठाईच्या डब्याची दोरी, काही म्हणून सुटायचं नाही. पोळ्या लाटता लाटता आई म्हणायची, या माणसाला देवाने स्वतः प्रसाद दिला तरी तो उलटा करून बघेल.

तर आज मी बघितलं. बाकीच्या बोल्टांवर गंज आणि धूळ, आणि एकावर चकचकीत नवा नट. सील तोडून आत बघावं, तर बाहेर सील तुटलेली गाडी कंपनीवाले आत घेतच नाहीत. न बघता सोडावी, तर जे कमी भरेल ते माझ्या माथी. फाटकावरचा गार्ड सारखा घड्याळ दाखवत होता. ड्रायव्हर केबिनपाशी उभा राहून माझ्याकडे बघत होता, आणि त्याचं ते बघणंसुद्धा मला चोराचंच वाटत होतं.

तिथे मला माझी सागवानी पेटी आठवली. मी कॉलेजात गेले तेव्हा तुम्ही ती घेऊन दिलीत आणि कुलपाच्या दोन्ही चाव्या माझ्या हातावर ठेवल्यात. यात कोणी हात घालणार नाही, म्हणालात. पुढे एकदा झाडताना पेटी भिंतीपासून सरकवली, तर मागच्या बिजागऱ्यांचे स्क्रू ताजे खरवडलेले. कुलपाला धक्काही नव्हता. मला लगेच कळलं, शिकवलेलं तुमचंच होतं ना! आत होतं तरी काय? मैत्रिणीने दिलेले दोन रुमाल आणि संपत आलेलं नेलपॉलिश. मी मोरीत नळ सोडून रडले. तुम्हाला काही बोलले नाही. तुम्हीही कधी बोलला नाहीत.

मग मी ड्रायव्हरजवळ गेले आणि सरळ विचारलं, "भिया, ये नट नया कैसे है?"

तो चिडला नाही. म्हणाला, घाटात दार वाजायला लागलं, उतरून बघितलं तर नट गळून पडलेला. मानपुरात मिस्त्री मिळेपर्यंत उशीर झाला, तोवर फोनची बॅटरीही संपली. मग खाली बघत म्हणाला, "कब से देख रहा हूँ दीदी, आप टॉर्च लेके पीछे घूम रही हो. पहले पूछ लेतीं, तो बता देता."

मी गार्डला खूण केली आणि गाडी आत सोडली. विश्वास बसला म्हणून नाही. त्याचं ते वाक्य मला ऐकवेना म्हणून. दुपारभर आत माल मोजला जात होता आणि आम्ही दोघं समोरच्या टपरीवर बसलो होतो. संध्याकाळी मोजणी आली. माल पूर्ण होता, एक खोकंही कमी नाही. मी त्याची माफी मागितली. होता है दीदी, म्हणाला, पण मी मागवलेला चहा त्याने घेतला नाही.

हे लिहून मी त्याच पेटीत ठेवणार आहे. कुलूप लावीन. बिजागऱ्या तुम्हाला माहीतच आहेत. चावी मागितली असतीत तर दिली असती, एवढंच मला इतकी वर्षं तुम्हाला सांगायचं होतं. पण खरं सांगू? देण्याआधी मी विचारलं असतं, कशाला हवी.