आतलं हँडल

७ जानेवारी, सोमवार

आले एकदाची! नवं शहर, नवी नोकरी, नवी खोली. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि खिडकीतून खाली शिंप्याचं दुकान दिसतं. घरमालकांनी बॅग स्वतः वर आणून दिली, नळ कसा अडतो ते दाखवलं आणि वर चढताना लागलेला दम लपवत खाली गेले. चांगला माणूस आहे.

ताईला फोन केला. म्हणाली, बडबड करून पोट भरणारी आपल्या घरातली तू पहिलीच. खोटं नाही. परवापर्यंत मी एका मोठ्या दुकानात माईकवरून ‘ग्राहकांनी कृपया इकडे लक्ष द्यावे’ म्हणत होते. आता पुस्तकं वाचायची. लोक ती कानात घालून ऐकणार, भांडी घासताना, व्यायाम करताना. वाचायची मला हौस आहेच. मी काही मोठी वाचक नव्हे, हाताला लागेल ते वाचते. रहस्यकथा, आणि भाचीमुळे त्या तरुण पोरांच्या कादंबऱ्या. वाचून झालं की तिच्याशी कडाकडा भांडते.

ऑफिसात आम्ही मोजून तिघंच. मॅडम, म्हणजे कंपनीच्या मालकीण. गोड बोलतात, सारखं ‘अगं राणी’ करतात. दुसरा रेकॉर्डिंग करणारा गृहस्थ. त्याला माझ्या शर्टाच्या बाहीचासुद्धा आवाज ऐकू येतो, म्हणून मी मनातल्या मनात त्याचं नाव ‘कानसेन’ ठेवलं. तिसरी मी. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या आणि मध्ये जाड काच. अलीकडे कानसेन आणि त्याची यंत्रं. पलीकडे वाचायची खोली, कपाटाएवढी, भिंतींना स्पंज, एक खुर्ची, एक टेबल, माईक. आत बसलं की स्वतःचं गिळणं ऐकू येतं. मजा वाटली.

एका गाजलेल्या मालिकेचा तिसरा भाग मला दिलाय. पहिले दोन आधीच्या मुलीने वाचलेत. ती लग्न करून परदेशी गेली म्हणे.

९ जानेवारी, बुधवार

पुस्तक वाचून संपवलं. डोकं फिरलं!

नायिका सतरा वर्षांची. जगाचा नाश तिलाच थांबवायचाय, पण दोन मुलांपैकी कोण जास्त आवडतो हे तिला शंभर पानं ठरवता येत नाही. बाहेर शहर जळतंय, आणि ही एकाच्या डोळ्यांत बघते, मग दुसऱ्याच्या. अगं बाई, आधी बादली उचल! बरं, मावशीने हिला पहिल्या भागापासून तळघरात डांबलेलं, हिच्या आईचा घात केलेला. शेवटी मावशी पाय धरते आणि ही काय करते? मिठी मारते! माफ करते! मी पुस्तक पलंगावर भिरकावलं, तर ते उसळून खाली पडलं आणि उचलायला मलाच वाकावं लागलं.

भाचीला फोन करून बोलले. ती म्हणाली, मावशी, तुला क्षमा हा विषयच कळत नाही. नाही कळत. ज्याने केलं त्याने भोगावं, एवढं साधं आहे माझं.

आणि हे सगळं आता मी गळा दाटून येऊन वाचायचंय.

१४ जानेवारी, सोमवार

वाचन सुरू झालं. पहिलं प्रकरण बरं गेलं. दुसऱ्यात कानसेनने सारखं थांबवलं. म्हणे, तुम्ही टेबलावर बोटं वाजवताय. मी म्हटलं, हात मांडीवर आहेत. म्हणे, मग पाय असेल. पाय जमिनीवर टेकलेले होते, हललेसुद्धा नव्हते. पुन्हा वाचलं. पुन्हा ठकठक. दुपारभर एकच पान, आणि दोष माझ्या माथी.

अजून एक. त्या खोलीच्या दाराला आतून हँडल आहे, पण ते नुसतंच गरगर फिरतं, दार उघडत नाही. प्रत्येक वेळी कानसेनने बाहेरून उघडायचं. दारावर चिठ्ठी चिकटवलीय, ‘दार पूर्ण ओढून घेऊ नये’. अहो, चिठ्ठी काय लावता, हँडल बदला ना! मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, बघू गं राणी. पंखाही आवाज करतो म्हणून बंद ठेवायचा, आणि त्याचंही बटण बाहेरच. घाम पुसत क्षमेचे गोडवे गायचे.

१७ जानेवारी, गुरुवार

आज मला ऐकू आलं.

मी हेडफोन लावून वाचत होते. नायिका तळघरात कोंडलेली आहे तो भाग. वाक्य संपलं, मी श्वास घेतला, आणि कानात ठक, ठक, ठक. लांबून, जाड भिंतीआडून यावं तसं. हेडफोन काढला तर खोलीत काही नाही. पुन्हा लावला तर चालूच.

कानसेनकडे पाहिलं. तो काचेपलीकडे यंत्राकडे बघत बसलेला, ओठ पांढरे पडलेले. मी खूण केली, ऐकू येतंय? त्याने मान हलवली. नाही म्हणून. खोटारडा.

मला वाटतं हाच करतोय. नव्या बाईची गंमत. अशी माणसं मला चांगली माहीत आहेत.

१८ जानेवारी, शुक्रवार

कानसेनशी भांडले, मॅडमसमोरच. म्हटलं, माझ्या कानात आवाज सोडायचे थांबवा, नाहीतर मी तुमचं यंत्र खिडकीतून खाली टाकीन. तो वायरी गुंडाळत राहिला. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, तू त्या रहस्यकथा जरा कमी वाच.

कमी वाच म्हणे! कालच एक वाचली. बायको चारशे पानं खुनी शोधते आणि खुनी नवराच निघतो. मला दहाव्या पानावर कळलं होतं, कारण तो फारच गोड बोलत होता. ह्या पुस्तकांतली माणसं इतकी आंधळी का असतात?

२२ जानेवारी, मंगळवार

ठकठकीबरोबर आता बाईचा आवाज. शब्द लागत नाहीत. पण वर चढणारा, खाली येणारा... चिडलेला आवाज आहे. मी रागावल्यावर माझा होतो तसाच.

दुपारी मालिकेचा पहिला भाग ऐकून पाहिला. पहिल्याच वाक्याला थांबवला. तोच आवाज. आधीच्या मुलीचा.

२५ जानेवारी, शुक्रवार

शब्द लागले.

‘उघडा.’ आणि ‘कुणी आहे का?’ आणि नुसतंच ‘अहो... अहो...’

मी हेडफोन फेकून दाराशी गेले. हँडल फिरतंय, फिरतंय. कानसेन धावत आला आणि त्याने उघडलं. मी त्याची कॉलर धरली. मोठा माणूस, पन्नाशीचा, माझ्यासमोर रडायला लागला.

जिन्यात बसून त्याने सगळं सांगितलं. मुलगी परदेशी वगैरे गेली नाही. ती त्या खोलीत मेली.

वाचणारी म्हणून पुस्तकावर आपलं नाव छापा, यावरून ती मॅडमशी भांडत होती. एका शुक्रवारी संध्याकाळी उरलेलं पान वाचायला एकटीच थांबली. हा घाईत होता, यंत्र सुरू करून देऊन निघाला. जाताना तिला सांगितलं, दार ओढून घेऊ नका. तिने ओढलं असणार, बाहेरच्या रस्त्याचा आवाज आत येत होता म्हणून. सोमवारी ह्यानेच दार उघडलं. पंखा बंद होता. डॉक्टरने लिहिलं, हृदय बंद पडलं. पोलिसांनी लिहिलं, अपघात. तिच्या वडिलांनी तिची पर्स नेली.

मी विचारलं, यंत्र तर चालू होतं, मग रेकॉर्डिंग? म्हणाला, मॅडमनी पुसायला लावलं. ऐकलं का, विचारलं. म्हणाला, सुरुवात ऐकली. पुढे ऐकवेना.

आणि तिचा आवाज अजून विकतायत. पहिला भाग, दुसरा भाग. रोज कुणाच्या ना कुणाच्या कानात ती वाचतेय.

राग इतका की पेन कागदातून आरपार जातंय.

२८ जानेवारी, सोमवार

ताई म्हणते, आजच्या आज निघून ये. बरोबर म्हणते. पण मला जायचं नाही. मला शेवटपर्यंत ऐकायचंय. त्या मुलीचं कुणीच ऐकलं नाही, वडिलांनीही नाही.

आत बसले. पुस्तक उघडलं नाही. नुसता हेडफोन लावला आणि ऐकत राहिले.

खूप वेळ ठकठक. मग रडणं. मग शांत. मग एकदम, एवढ्या आनंदाने कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही —

‘मॅडम! मॅडम, इथे! इथे बघा ना!’

मग काही नाही. मग अगदी हळू, ‘मॅडम?’

३० जानेवारी, बुधवार

कानसेनला विचारलं. मॅडम तेव्हा आल्या होत्या का? शनिवारी?

मान खाली. आल्या होत्या. चष्मा विसरला होता तो न्यायला. काचेतून मुलगी दिसली. सोमवारी त्याला स्वतःच म्हणाल्या, मला वाटलं थोडा वेळ राहू दे, डोकं थंड होईल तिचं. तासाभराने येऊन उघडणार होते. मग बहिणीचा फोन आला, गावाला गेले. डोक्यातून गेलं.

डोक्यातून गेलं!

जिवंत माणूस काचेवर हात आपटतंय आणि डोक्यातून गेलं!

त्याला म्हटलं, चल पोलिसांत. तो म्हणाला, घर चालवायचंय, पोरांची शिक्षणं आहेत. आज दुपारपासून तो आलाच नाही. फोनही उचलत नाही.

३१ जानेवारी, गुरुवार

मॅडमच्या तोंडावर बोलले सगळं. मला वाटलं होतं घाबरतील. निदान रडतील.

नखं बघत बसल्या. मग म्हणाल्या, पुरावा काय गं राणी? तुझ्या कानात आवाज येतात हा?

आणि म्हणाल्या, ती फार आगाऊ होती.

रात्री झोप नाही. जेवणही नाही. दात इतके आवळले की जबडा दुखतोय.

१ फेब्रुवारी, शुक्रवार

आता हेडफोन नसतानाही.

नळात. जिन्यात. शिंप्याच्या मशीनच्या आवाजात — उघडा उघडा उघडा —

तिला माझ्याकडून काय हवंय, कळत नाही. की कळतंय —

२ फेब्रुवारी, शनिवार

ऑफिसला सुट्टी. मॅडमना फोन केला. म्हटलं, चूक झाली माझी. शेवटचं प्रकरण झालंय, एकदा ऐकून घ्या आणि माझा हिशोब मिटवा. आल्या. गाडीची किल्ली हातातच. उन्हाने लाल झालेल्या.

आत बसवलं. म्हटलं, आतच ऐका, आवाज स्वच्छ येतो. हेडफोन लावून दिला.

मी यंत्राला हातही लावला नाही.

ऐकताना त्यांचं तोंड बघितलं. आधी हसू. मग नाही. मग त्यांनी हेडफोन ओरबाडून काढला आणि उठल्या — आणि मी दार ओढून घेतलं. आपटलं नाही. नुसतं ओढलं.

फक्त घाबरवायचं होतं. ऐकू दे ना एकदा पूर्ण. बस.

मी काचेच्या अलीकडे बसलेय, कानसेनच्या खुर्चीत, त्याचा हेडफोन लावून. त्यांच्या माईकचा आवाज इथे येतो. माझा आत जात नाही, बटण दाबल्याशिवाय. मी दाबलेलं नाही.

हँडल फिरवतायत.

—

काचेवर हात. अंगठी वाजतेय. ठक ठक ठक. आता कोणती ठकठक कुणाची, मला —

—

म्हणतायत, अगं राणी. म्हणतायत, चूक झाली. पाय धरते म्हणतायत.

पंख्याचं बटण माझ्या कोपराशी आहे.

ती माझ्यामागे उभी आहे. मागे बघितलं नाही. मानेवर तिचा श्वास लागतोय, गरम, एकसारखा. बोलत काहीच नाही. आता बोलायची तिला गरजच नाही.

—

खिडकीतलं ऊन भिंतीवर गेलं. किती वेळ झाला? मी हे लिहितेय कशाला?

मी त्यांच्यासारखी नाही. मी उघडणार आहे. मला विसर पडलेला नाही, मी इथेच बसलेय, सगळं बघतेय —

खाली बसल्या. आता फक्त डोकं दिसतंय.

हेडफोनमध्ये काही नाही.

उठते. खरंच उठते. राग गेला की लगेच. हे एवढं वाक्य लिहून झालं की उठते आणि दार