बाबांच्या गिटारच्या सहा खुंट्यांबाबत

मी, वीरेंद्र केवळराम लांजेवार, वय २७, शिक्षण नववीपर्यंत, धंदा वाद्यदुरुस्ती, राहणार दिघोरी, ता. लाखांदूर, जि. भंडारा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात लिहून ठेवतो. मंगळवारी नागपूरला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. बिघाड हृदयात आहे, डोक्यात नाही; तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. बँकेत जे असेल ते आणि माझी खोली आई मनकर्णाबाई हिची.

२. दुकानातील हत्यारे वहिनी शालू हिला द्यावीत. तिचे सोल्डरिंग माझ्यापेक्षा स्वच्छ असते. हे मी तिला कधी बोललो नाही.

३. कैलाशला काही देता येत नाही, कारण तो साक्षीदार आहे. त्याने वाईट वाटून घेऊ नये.

४. गिटार. ही जुनी लाल इलेक्ट्रिक गिटार बाबांनी झाडीपट्टीच्या नाटकांत तीस हंगाम वाजवली. आता मोठा भाऊ अमर वाजवतो, दुरुस्ती माझ्याकडे. तारा पिळायच्या सहाही खुंट्या मूळच्या होत्या, बाबांच्या अंगठ्याने कडा झिजलेल्या. यंदा दसऱ्याच्या सकाळी मी तपासणीसाठी नागपूरला असताना अमरने त्या काढून चमकणाऱ्या नवीन बसवल्या. नवीन खुंट्यांचा दांडा जाड, म्हणून ड्रिलने लाकडातली भोके मोठी केली. लाकूड फाटता फाटता राहिले. जुन्या खुंट्यांना दर दसऱ्याला कुंकू लागलेले, पूजेची वस्तू कचऱ्यात टाकत नाहीत, म्हणून त्याने त्या घटासोबत गावतलावात शिरवल्या, म्हणजे विसर्जित केल्या.

मी विचारले तेव्हा म्हणाला, "पूजेत गंजलेलं सामान कायले ठेवू? तू बी नवीन झडप टाकूनच राहिला ना?"

या वाक्याबद्दल मी त्याला माफ केलेले नाही. माझी झडप निकामी झाली आहे. खुंट्या निकामी नव्हत्या. दर पावसाळ्यानंतर मशीनच्या तेलाचा एक थेंब, एवढेच त्यांना लागत होते.

तलावात मासे धरणाऱ्या कैलाशने तीन दिवस चिखल चाळून पाच खुंट्या काढून दिल्या. पहिली सापडली तेव्हा म्हणाला, "भाऊ, मासोळी लहान हाय, पन काटा लय मजबूत." सहावी मिळाली नाही.

५. बसवण्याची रीत. मोठ्या भोकांत जुन्या खुंट्या डुगडुगत होत्या. मी अड्याळला लेथवर पितळेचे सहा बुश, म्हणजे भोकात बसणाऱ्या आखूड नळ्या, करून घेतले. बुश अंगठ्याने दाबून बसवावा, हातोडी लावू नये. स्क्रू आधी उलटा फिरवावा. तो जुन्या आट्यात टक्कन बसला की मगच सुलटा पिळावा, नाहीतर लाकूड खाल्ले जाते. हे कलम अमरने दोनदा वाचावे.

६. पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते की गिटार अमरच्या हाती लागू देऊ नये. काल अमरची बायको, शालू वहिनी, दुकानात आली. म्हणाली, "भाऊजी, सहावी तलावात नाई. यायच्या नाटकाच्या कोटात हाय. बाबाची म्हणून एक तरी ठेवली. तुमाले सांगाची लाज वाटते त्यायले."

याने माझा राग कमी झालेला नाही, वाढला आहे. कैलाश तीन दिवस गळ्याएवढ्या पाण्यात होता आणि अमर कोट घालून काठावर उभा राहून पाहत होता.

म्हणून आता असे लिहितो: गिटार अमरची. पाच खुंट्या मी बसवल्या आहेत. सहावे भोक मोकळे आहे, बुश आणि दोन स्क्रू कागदाच्या पुडीत ठेवले आहेत. सहावी त्याने आईसमोर स्वतः बसवावी. तोपर्यंत हंगाम असो की नसो, गिटारला हात लावू नये.

मी परत आलो तर हे मृत्युपत्र रद्द समजावे, पण सहाव्या खुंटीची अट रद्द समजू नये. खुंटी अमरच बसवील, आणि तेव्हा मी उभा राहून पाहीन.

लिहून देणार: वीरेंद्र केवळराम लांजेवार (सही)

साक्षीदार, आमच्यासमोर सही केली:
१. भैय्याजी गोपीचंद नाकाडे (सही)
२. कैलाश मेश्राम (सही)

ठिकाण: दिघोरी
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५